नळी कडक झाली. तिचा मऊपणा गेला कुठे?

गवंड्याच्या पिशवीत थापी, ओळंबा आणि गुनियाच्या जोडीला एक लांब पारदर्शक नळी असते. तिच्यात पाणी भरून तो दोन भिंतींची पातळी जुळवतो. ही नळी रोज गुंडाळली जाते, धुळीत लोळते, कुणाच्या तरी पायाखाली येते, तरी दोन-तीन वर्षांनी सोडवली तर बऱ्यापैकी लवचिक असते. आता त्याच दुकानातून, त्याच बंडलातली दीड मीटर नळी कापून आणा आणि गाडीच्या टाकीतून पेट्रोल काढायला चार-सहा वेळा वापरा. मग गॅरेजमधल्या खिळ्याला अडकवून ठेवा. काही आठवड्यांनी काढायला जाल, तर खिळ्यावर पडलेला बाक तिने तसाच धरून ठेवलेला असेल. नळी कडक आणि किंचित आखडलेली असेल. जोर लावून सरळ केलीत तर मोडेल.

‘पेट्रोलने नळी खाल्ली,’ असं आपण म्हणतो. पण पेट्रोल नळी खात नाही, नळीतलं काहीतरी सोबत घेऊन जातं. म्हणजे नळी वाया गेली हा नुकसानीचा निम्माच हिशेब झाला. उरलेला निम्मा त्या द्रवात आहे. पेट्रोलच्या बाबतीत तो इंजिनात जळून जातो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. नळीतून वाहणारा द्रव खाद्यतेल, औषध किंवा अत्तर असेल, तर मात्र तो हिशेब आपल्या पोटात किंवा अंगावर येतो. तो कसा मांडायचा आणि टाळायचा कसा, ते पाहू.

मऊपणा उसना असतो

पीव्हीसी हे प्लास्टिक मुळात कडक असतं. गच्चीवरच्या टाकीतून खाली उतरणारा ताठ पाइप हे त्याचं मूळ रूप. १९२६ साली अमेरिकेतल्या बी. एफ. गुडरिच कंपनीत वाल्डो सेमन हा रसायनतज्ज्ञ रबर धातूला चिकटवण्यासाठी काही सापडतं का ते शोधत होता. पीव्हीसी एका जड, सहज न उकळणाऱ्या द्रवात तापवल्यावर त्याच्या हाती रबरासारखा मऊ पदार्थ लागला. आज आपण वापरतो ती पारदर्शक नळी, रेक्झीन, वायरवरचं वेष्टण, रेनकोट आणि सलाइनची पिशवी ही सगळी त्याच युक्तीची लेकरं आहेत.

मऊपणा आणणाऱ्या या तेलकट द्रवाला प्लास्टिसायझर म्हणतात. आपल्याकडच्या बाजारात वर्षानुवर्षं चालत आलेलं नाव ‘डीओपी’, शास्त्रीय लिखाणात त्यालाच ‘डीईएचपी’ म्हणतात. ते फ्थॅलेट गटातलं रसायन आहे. मऊ पीव्हीसीच्या वजनात साधारण २० ते ४० टक्के वाटा या तेलाचा असतो. आतला व्यास ८ मिलिमीटर आणि बाहेरचा १२ मिलिमीटर असलेली एक मीटर नळी सुमारे ७५ ग्रॅम भरते. त्यात ३५ टक्के प्लास्टिसायझर धरला तर झाले २६ ग्रॅम. म्हणजे हातात धरलेल्या मीटरभर कोरड्या नळीत चहाचे पाच चमचे तेल आहे.

हे तेल प्लास्टिकला रासायनिक बंधाने बांधलेलं नसतं. पीव्हीसीच्या लांब साखळ्यांच्या मध्ये ते नुसतं बसलेलं असतं आणि साखळ्यांना एकमेकींवरून सरकू देतं. कणकेतल्या मोहनासारखंच हे आहे. मोहनाने पोळी मऊ राहते, पण तीच तेलकट पोळी वर्तमानपत्रावर ठेवली की कागदावर गोल डाग उमटतो. संधी मिळाली की तेल वाट काढतं.

सेल्युलॉइडमध्ये तर हेच काम कापूर करायचा. फाळक्यांनी चित्रपट टिपले ती फिल्म सेल्युलॉइडचीच होती. देव्हाऱ्यातला उघडा कापूर कसा झिजत जातो, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. डीओपी तितक्या लवकर उडत नाही, त्याचा उत्कलनबिंदू ३८० अंशांच्या वर आहे. पण लवकर उडत नाही म्हणून ते जागेवर राहतं असं नाही.

बाहेर पडायच्या तीन वाटा

पहिली वाट हवेची. उन्हात उभ्या राहणाऱ्या मोटारीच्या समोरच्या काचेवर आतून धूसर, तेलकट थर चढतो. त्यातला बराचसा डॅशबोर्डच्या मऊ प्लास्टिकमधून उडून काचेवर बसलेला असतो.

दुसरी वाट शेजाऱ्याची. मुलांची जुनी कंपासपेटी उघडा. पांढरा खोडरबर आणि पारदर्शक पट्टी महिनोन्‌महिने एकमेकांना टेकून पडली असतील, तर ती चिकटलेली सापडतील. ओढून काढलीत तर पट्टीवर रबराच्या आकाराचा खळगा दिसेल आणि त्या जागचे आकडे पुसट झालेले असतील. असा खोडरबर बहुधा मऊ पीव्हीसीचा असतो. त्यातलं तेल पट्टीच्या पॉलिस्टायरीनमध्ये शिरलं आणि पट्टीला तिथल्या तिथे मऊ करून गेलं. नव्या खोडरबरावर कागदाचं वेष्टण असतं, ते शोभेपुरतं नाही. गुणपत्रिकेची झेरॉक्स प्लास्टिकच्या फोल्डरला चिकटून अक्षरं फोल्डरवर उमटतात, त्यामागेही हेच कारण. तेल शाईच्या पुडीला मऊ करतं.

तिसरी वाट द्रवाची, आणि तिन्हींत सर्वांत वेगवान.

द्रव आत शिरतो, तेल बाहेर येतं

द्रवाची वाहतूक दुहेरी असते. पेट्रोल, टोल्युईन, थिनर यांसारखा द्रव प्लास्टिकमध्ये शिरतो, साखळ्या थोड्या दूर सारतो आणि प्लास्टिक फुगतं. मग आतल्या तेलाला हलायला जागा मिळते आणि ते द्रवात उतरू लागतं. म्हणूनच द्रवात बुडलेली नळी बऱ्याचदा आधीपेक्षा मऊ लागते आणि आपण फसतो. नळी बाहेर काढली की आत शिरलेलं पेट्रोल उडून जातं. गेलेलं तेल काही परत येत नाही. मागे उरतात रिकाम्या, एकमेकींना चिकटलेल्या साखळ्या. त्यामुळे नळी आखडते, कडक होते.

किती तेल जाईल हे चार गोष्टींवर ठरतं. पहिली गोष्ट म्हणजे द्रवाचा स्वभाव. दुसरी वेळ. तिसरी तापमान, गरम द्रव कितीतरी पटीने जास्त ओढतो. चौथी जाडी आणि व्यास. भिंतीची जाडी निम्मी केली तर तेल बाहेर पडायला लागणारा वेळ निम्मा नव्हे, साधारण पावपट होतो. आणि अरुंद नळीत थोड्या द्रवाला जास्त पृष्ठभाग भिडतो. ४ मिलिमीटरच्या नळीत हे प्रमाण ८ मिलिमीटरच्या दुप्पट असतं. त्यामुळे रात्रभर नळीत साचून राहिलेला घोटभर द्रव सगळ्यांत दूषित असतो.

द्रवांची उतरंड साधारण अशी लागते:

- साधं पाणी जवळजवळ काहीच ओढत नाही, कारण हे तेल पाण्यात विरघळतच नाही म्हटलं तरी चालेल. म्हणून गवंड्याची नळी टिकते.
- साबणाचं पाणी पाण्यापेक्षा जास्त ओढतं.
- स्पिरिट आणि सॅनिटायझर बऱ्यापैकी ओढतात. अल्कोहोलचं प्रमाण जितकं जास्त, तितकी ओढ जास्त.
- खाद्यतेल, तूप, लोणच्याचा खार आणि सुगंधी तेलं आणखी पुढे. द्रव दिसायला सौम्य, पण तेल तेलाला ओळखतं.
- रॉकेल, पेट्रोल, टर्पेंटाइन, हेक्झेन, टोल्युईन भराभर ओढतात.
- थिनर आणि अॅसिटोन नळीला फुगवून तिचा आकारच बिघडवतात. प्लंबरच्या सोल्युशनमध्ये वापरतात ते टेट्राहायड्रोफ्युरान आणि सायक्लोहेक्झॅनोन तर पीव्हीसीच विरघळवतात. पाइपाचा सांधा त्यामुळेच पक्का बसतो.

जपानमधला जेवणाचा डबा

ही उतरंड कागदावरची नाही, हे दाखवणारी एक गोष्ट जपानमध्ये घडली. दुकानांत मिळणाऱ्या तयार जेवणाच्या डब्यांत संशोधकांना डीईएचपीचं मोठं प्रमाण आढळलं. डबा आणि अन्न दोन्ही बाजूला ठेवून माग काढला, तेव्हा बोट वळलं ते जेवण भरणाऱ्यांच्या हातमोज्यांकडे. मोजे मऊ पीव्हीसीचे होते आणि स्वच्छतेसाठी त्यांच्यावर अल्कोहोल फवारलं जात होतं. फवाऱ्याने तेल पृष्ठभागावर आलं आणि तिथून भाता-भाजीत गेलं. २०००मध्ये तिथल्या आरोग्य मंत्रालयाने अन्न हाताळताना असे मोजे वापरू नका, असं सांगितलं.

कोविडनंतर मिठाईच्या दुकानात, केटरिंगमध्ये, अगदी घरच्या डब्याच्या व्यवसायातही मोजे आणि सॅनिटायझर ही जोडी रूढ झाली आहे. यातून घ्यायचा धडा सोपा आहे. खोक्यावर ‘व्हिनाइल’ लिहिलेले मोजे म्हणजे पीव्हीसीचे. अन्नासाठी नायट्राइल किंवा पॉलिथीनचे मोजे घ्या. मोजे घातल्यावर त्यांच्यावर सॅनिटायझर चोळू नका, मोजे बदला.

हातातली नळी पीव्हीसीची आहे का?

मऊ दिसणारं प्रत्येक प्लास्टिक पीव्हीसी नसतं. दुधाची पिशवी मऊ असते, पण ती पॉलिथीनची. तिच्यात हे तेल लागतच नाही. पाण्याच्या बाटलीच्या प्लास्टिकचं पूर्ण नाव पॉलिएथिलीन टेरेफ्थॅलेट. त्यातलं ‘फ्थॅलेट’ पाहून दचकू नका. नाव सारखं वाटलं, तरी तो प्लास्टिसायझर नव्हे.

त्रिकोणात ३ आकडा असेल तर वस्तू पीव्हीसीची, पण नळीवर हा आकडा क्वचितच असतो. तेव्हा एक छोटा तुकडा पाण्यात टाका आणि बोटाने दाबून त्यातली हवा काढा. तरंगला तर पॉलिथीन किंवा पॉलिप्रॉपिलीन. बुडाला तर तांब्याच्या तारेची चाचणी करा. तार पकडीत धरून ज्योतीत लालबुंद करा, गरम टोक प्लास्टिकला क्षणभर टेकवा आणि पुन्हा ज्योतीत न्या. ज्योत हिरवी झाली तर प्लास्टिकमध्ये क्लोरीन आहे, म्हणजे बहुधा पीव्हीसी. ही चाचणी उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून आणि पेट्रोल, स्पिरिट यांच्यापासून लांब करा. तारेला चिकटेल एवढंच प्लास्टिक पुरतं. अख्खी नळी कधीही जाळू नका, तिच्या धुरात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं.

काट्यावर दिसणारी चोरी

आपली नळी आपल्या द्रवात टिकेल का, हे विचारत बसण्यापेक्षा मोजून पाहावं. सोनारी कामासाठी मिळतो तसा ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा पुरेसा आहे. नळीचा १० सेंटिमीटरचा तुकडा कापा, त्याचं वजन आणि लांबी लिहून ठेवा. तो नेमक्या त्याच द्रवात, काचेच्या बाटलीत, झाकण लावून आठवडाभर बुडवा. बाहेर काढून पुसा आणि वजन करा. आता वजन वाढलेलंही असू शकतं, कारण द्रव आत शिरला आहे. इथे निष्कर्ष काढू नका. द्रव उडून जाणारा असेल, तर तुकडा सावलीत, हवेशीर जागी, विस्तवापासून दूर वाळवा आणि वजन स्थिर होईपर्यंत रोज मोजा. शेवटचं वजन पहिल्यापेक्षा जितकं कमी, तितकं तेल बाटलीत गेलं. लांबीही मोजा, ती घटलेली असेल.

खाद्यतेल वाळत नाही, त्यामुळे तिथे हा काटा कामाचा नाही. भारतीय मानक आयएस ९८४५मधल्या चाचणीत तेलाच्या जागी एन-हेप्टेन हा उडून जाणारा द्रव वापरतात, तो याचसाठी. ते काम प्रयोगशाळेचं. आपण तिथे नळीचं प्रमाणपत्र मागावं.

कुठे काय सांभाळाल

*तेलघाणा.* लाकडी घाण्याचं तेल काढणारे छोटे उद्योग आता गावोगाव आहेत. घाणी लाकडाची, टाकी स्टीलची, आणि टाकीतून डब्यात तेल सोडायला हार्डवेअरच्या दुकानातली पारदर्शक नळी, असं चित्र दिसलं तर सगळ्या निगुतीवर पाणी पडलं समजा. आपल्या २०१८च्या अन्न-वेष्टण नियमांत डीईएचपीसाठी किलोमागे १.५ मिलिग्रॅमची मर्यादा आहे. १५ किलोच्या डब्याला हे होतात २२.५ मिलिग्रॅम. वर हिशेब केलेल्या मीटरभर नळीत २६,००० मिलिग्रॅम तेल आहे. त्यातला हजारावा भाग उतरला, तरी डबा मर्यादेवर जातो. टाकीला स्टीलची तोटी बसवा आणि खाली स्टीलचं नरसाळं धरा. नळी हवीच असेल तर तेलकट अन्नासाठी प्रमाणित केलेली घ्या, कारण ‘फूडग्रेड’ हा शब्द नुसत्या पाण्यापुरताही असू शकतो. गवती चहाचं किंवा निलगिरीचं तेल काढणाऱ्यांनी तर काच आणि स्टीलपलीकडे जाऊच नये.

*शेत.* ‘ईसी’ लिहिलेल्या कीटकनाशकांत औषध झायलीनसारख्या द्रावकात विरघळवलेलं असतं. फवारणी झाली की मिश्रण पाइपात रात्रभर ठेवू नका, लगेच स्वच्छ पाणी सोडून पाइप धुवा. धुतला तरी तो पाइप पिण्याच्या पाण्यासाठी किंवा जनावरांच्या हौदासाठी कधीच वापरू नका. वाहतूक दुहेरी असते हे आठवा. जे प्लास्टिकमध्ये शिरलं, ते नंतर हळूहळू बाहेर येतं.

*प्रयोगशाळा.* ‘सर, उत्पादन एकशे दहा टक्के आलं!’ असं विद्यार्थी आनंदाने सांगतो, तेव्हा आधी त्याच्या नळ्या पाहाव्यात. द्रावक उडवल्यावर फ्लास्कच्या तळाशी उरलेला चिकट, रंगहीन थेंब पुष्कळदा नळीतून आलेला असतो. संशोधनात हाती येणारा पदार्थ कित्येकदा १०० मिलिग्रॅमच असतो. मीटरभर नळीतला एक टक्का प्लास्टिसायझर उतरला तरी तो २६० मिलिग्रॅम होतो. जीसी-एमएसमध्ये १४९चं ठळक शिखर, एलसी-एमएसमध्ये ३९१, प्रोटॉन एनएमआरमध्ये ७.७ आणि ७.५ला दोन नीटस गट आणि ४.२जवळ तिसरा दिसला, तर नवा रेणू सापडल्याचा जल्लोष थांबवा. तेच द्रावक, तीच मांडणी, पण पदार्थ न घालता एक कोरी चाचणी करा. थेंब पुन्हा आला तर गुन्हेगार सापडला. कंडेन्सरच्या पाण्याला पीव्हीसी नळी चालते, द्रावकाला नाही.

*रुग्णालय.* इथे स्वतःच्या मनाने काही बदलायचं नाही, पण समजून घ्यायचं. पॅक्लिटॅक्सेल हे कर्करोगावरचं औषध पाण्यात विरघळत नाही. त्याच्या नेहमीच्या प्रकारात ते एरंडेलापासून बनवलेल्या द्रवात आणि अल्कोहोलमध्ये मिसळलेलं असतं. हे मिश्रण पीव्हीसीतलं तेल ओढतं, म्हणून ते काचेच्या बाटलीतून किंवा पॉलिओलेफिनच्या पिशवीतून, पॉलिथीनचं अस्तर असलेल्या नळीने द्यावं, असं त्याच्या माहितीपत्रकातच असतं. डॉक्टरांनी विशिष्ट सेट लिहून दिला आणि औषधाच्या दुकानात ‘हा साधा चालेल’ म्हणाले, तर आधी वॉर्डातल्या सिस्टरना विचारा. उलट बाजूही लक्षात ठेवा. रक्ताच्या पिशवीतून उतरणारं हेच डीईएचपी तांबड्या पेशींच्या आवरणाला टिकाव देतं, त्यामुळे साठवलेलं रक्त जास्त दिवस चांगलं राहतं. रक्त हवं असताना पिशवीच्या प्लास्टिकवरून घाबरायचं कारण नाही.

*घर.* रेक्झीनचा सोफा किंवा गाडीची सीट थिनर, पेट्रोल, स्पिरिट यांनी पुसू नका. शाईचा डाग जाईल, पण त्या जागी काही महिन्यांनी भेग पडेल. ओलं फडकं आणि सौम्य साबण पुरे. वाळवीचं औषध रॉकेलसारख्या द्रवात असेल तर ते विजेच्या वायरवर ओघळू देऊ नका आणि वायर थर्मोकोलला टेकवून नेऊ नका, वेष्टण ठिसूळ होतं. काचेच्या बाटलीच्या पत्र्याच्या झाकणात आतून जी मऊ रिंग असते, तीही बहुधा मऊ पीव्हीसीची असते. तेलाचं लोणचं अशा बाटलीत ठेवलंत तर बाटली आडवी करू नका. दादरा बांधलेली चिनी मातीची बरणी याबाबतीत आजही निर्धास्त आहे. लहान मुलांची खेळणी आयएसआय चिन्ह पाहूनच घ्या, १ जानेवारी २०२१पासून ते बंधनकारक आहे.

मग वापरायचं काय?

खाद्यतेलाला स्टील किंवा काच. स्पिरिट आणि अल्कोहोलला पॉलिथीन, पॉलिप्रॉपिलीन किंवा सिलिकॉन. पेट्रोलला ऑटोमोबाइलच्या दुकानात मिळणारी खास इंधन-नळी. तिथे सिलिकॉन नको, ते पेट्रोल आणि टोल्युईनमध्ये भरपूर फुगतं. तीव्र द्रावकांना टेफ्लॉन. ते महाग आणि वळायला ताठ असतं, पण त्यात प्लास्टिसायझर नसतो.

‘फ्थॅलेट-मुक्त’ या शिक्क्याने मात्र हुरळून जाऊ नका. डीओपीच्या जागी डीओटीपी किंवा सोयाबीन तेलापासून बनवलेला प्लास्टिसायझर घातला, तर आरोग्याची धास्ती कमी होते आणि ते चांगलंच आहे. डीईएचपीमुळे प्राण्यांच्या नर पिल्लांच्या वाढीत बिघाड झालेला दिसला आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००२मध्ये नवजात मुलग्यांच्या उपचारांत शक्य तिथे पर्याय वापरावेत असं सुचवलं, ते त्यामुळेच. पण नवा प्लास्टिसायझरही उसनाच असतो, पेट्रोल त्यालाही नेतं. मोठ्या रेणूंचे प्लास्टिसायझर सावकाश निघतात एवढंच. नळी कडक व्हायची ती होणारच.

हार्डवेअरच्या दुकानात काउंटरवरचा माणूस दोनच प्रश्न विचारतो, किती एमएम आणि किती मीटर. तिसरा तो विचारणार नाही. त्याने न विचारताच सांगा, आतून काय वाहणार आहे ते. तुम्ही ‘पाणी’ म्हणालात तर तो बंडलाकडे हात नेईल. ‘तेल’ किंवा ‘स्पिरिट’ म्हणालात आणि तरीही त्याचा हात त्याच बंडलाकडे गेला, तर पैसे खिशातच ठेवा आणि दुसरं दुकान शोधा.